दुसऱ्या बेटीची म्हण
(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



वकिलाच्या हातात माइक दिला की तो लवकर सुटत नाही, हे माहीत असूनही तुम्ही मला बोलायला उभे केलेत. विषय दिलात, ‘कायद्याने लोकांचे आरोग्य सुधारते का?’ लांबचे न सांगता आपल्याच जिल्ह्याचे सांगतो.

आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे देशातले हे पहिले राज्य. १९९४ मध्ये संसदेने सगळ्या देशासाठी कायदा केला. तरीही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८३९. निसर्गाचे प्रमाण साधारण ९५० चे. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात ही गत!

कायदा होता, मग अडले कुठे? सोनोग्राफीच्या बंद खोलीत. ज्या यंत्रावर बाळाची वाढ दिसते, त्यावरच लिंगही दिसते. विचारणारा आणि सांगणारा, दोघेही खूश. तक्रार करणार कोण? प्रत्येक तपासणीचा ‘एफ’ फॉर्म भरायचा असे, पण ते गठ्ठे वाचायचे कोणी?

जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी २०१० च्या सुमारास यावर उपाय काढला. ‘एफ’ फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडायचे. तपासणीत काय पाहिले याची नोंद त्यात राहते. संशय आला तर फॉर्मशी ताडून बघता येते. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. पेशंटच्या खासगीपणाचे काय, हा त्यांचा प्रश्न विचारण्यासारखाच होता. चित्रे यंत्रापाशीच राहतात, बाहेर जात नाहीत, हे न्यायालयापुढे आले आणि ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली.

२०११ च्या जनगणनेत आपला आकडा ८६३ झाला. त्याच दहा वर्षांत राज्याचा ९१३ वरून ८९४ वर घसरला. याचे सगळे श्रेय त्या उपकरणाला देता येणार नाही. मोजलेली बहुतेक मुले ते बसण्याआधीच जन्मलेली होती. आणि ८६३ हा काही मिरवण्याचा आकडा नव्हे. पण राज्य खाली जात असताना एखादा जिल्हा वर येऊ शकतो, एवढे त्यातून दिसले.

कुणी म्हणेल, यात आरोग्य कुठे आले? लिंग कळेपर्यंत साधारण तीन महिने उलटतात. त्यानंतरचा गर्भपात, तोही चोरून, बाईच्या जिवावर बेततो. मुलगा होईपर्यंतच्या बाळंतपणांनी तिची हाडे खिळखिळी होतात, ते वेगळेच.

आता आपल्याविषयी. आपल्यातले बरेच जण सासू-सासरे झालेत. चाचणीचा आग्रह धरणारा नवरा किंवा नातेवाईकही या कायद्याने गुन्हेगार ठरतो. बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली, असेच न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे सिद्ध करावे लागते. म्हणजे कायदा सुनेच्या पाठीशी उभा आहे. पण रात्री जेवताना ‘आता एक मुलगा झाला की बरं’ असे कुणी म्हणाले, तर तिथे कुठलाही ऑब्झर्व्हर नसतो. ‘पहिली बेटी धनाची पेटी’ आपण म्हणतो; दुसऱ्या बेटीसाठी मी तरी म्हण ऐकलेली नाही.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आज पोरांना शाळेत घालायला कुणाला दंडाची भीती लागत नाही. कायद्याने सवय लावली, घरांनी ती चालवली. मुलींच्या बाबतीत दुसरे अर्धे काम आपल्याकडे आहे. आज इथून घरी जाल, तेव्हा सुनेला, लेकीला एकदा स्पष्ट सांगा, ‘काहीही होऊ दे, आम्हाला आनंदच आहे.’