खुल्या आखाड्यातली तलवार



पन्नाशीत मी तलवारीच्या खुल्या स्पर्धा खेळतो, हे ऐकून काल बरेच जण हसले. म्हणून दोन मिनिटं.

‘खुली’ म्हणजे समोर कुठल्या शैलीचा गडी येईल याचा नेम नाही. जपानी केंडोत डोकं, मनगट, धड आणि गळा एवढ्यालाच गुण. युरोपची जुनी लांब तलवार खेळणारा सरळ मांडीवर वार करतो. केंडोवाला हरतो, पण कच्चा म्हणून नव्हे. त्या जागेला जपायची त्याला सवयच नसते. शिवाय बऱ्याच स्पर्धांत वार खाणाऱ्याने लगोलग उलटा वार केला, तर पहिल्याचा गुण घटतो. नुसती घाई तिथे चालत नाही.

आणि आपला दांडपट्टा? हात जवळजवळ कोपरापर्यंत खोबळ्यात, मनगट वळत नाही, सगळा वार खांद्यातून. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात तो फिरताना काटा येतो अंगावर; पण ती बहुतेक प्रात्यक्षिकं. समोरचा खरंच चुकवून आत शिरला तर पट्टेकरी काय करेल, ते मला बघायचंय.

फोमचा पट्टा बनवून आणलाय, फोमची तलवार आणि जाळीचे दोन मास्कही गाडीत आहेत. सर, जेवणानंतर मैदान मिळेल ना? पंच तुम्हीच.