गोळ्या संपल्यावर कोण?



अमेरिकेतल्या कॉलेजांना मार्चच्या सुमारास आठवडाभराची सुट्टी असते. त्या सुट्टीत काही विद्यार्थी ग्वाटेमाला, होंडुरास, डोमिनिकन रिपब्लिक अशा देशांत आरोग्यसेवेला जातात. त्यांतले बरेचजण मेडिकलला अजून गेलेलेही नसतात. पुढे प्रवेश मिळावा म्हणून जीवशास्त्र, रसायनशास्त्र शिकत असतात. विमानभाडं धरून दोन-तीन हजार डॉलरचा खर्च सहज होतो. तो उभा करायला कुणी वर्गणी मागतं, कुणी शिकवण्या घेतं. आपल्या मराठी घरांतली मुलंमुलीही त्यांत असतात. पुण्या-नाशिकला आजी-आजोबांच्या मोबाईलवर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या नातीचा फोटो येतो आणि त्यांचा ऊर भरून येतो. यायलाच हवा. वीस वर्षांच्या मुलीला परक्या देशातल्या आजारी माणसाजवळ जावंसं वाटतं, ही साधी गोष्ट नव्हे.

पण त्या फोटोच्या आसपास काय चाललेलं असतं, ते आज सांगायचं आहे.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ मुलखात असं शिबिर बहुधा गावच्या शाळेत भरतं. दोन बाकं जोडून तपासणीचं टेबल होतं, दोरीवर चादर टाकली की आडोसा तयार. बायका सकाळपासून रांगेत उभ्या असतात, पाठीला रंगीत कापडात बांधलेलं मूल. या देशात माया लोकांच्या बावीस भाषा आहेत. समजा, रांगेतली एखादी म्हातारी त्यांतली काक्चिकेल बोलणारी आहे. तिचं बोलणं गावातली एखादी मुलगी स्पॅनिशमध्ये सांगते, दुसरा दुभाष्या ते इंग्रजीत करतो. ‘कधीपासून दुखतंय?’ हा प्रश्न दोन भाषा ओलांडून तिच्यापर्यंत जातो. ती दोन मिनिटं बोलत राहते, हातानं काहीबाही दाखवते, आणि विद्यार्थ्याच्या कागदावर उतरतं एवढंच: बऱ्याच दिवसांपासून. मागे अजून शंभर माणसं ताटकळलेली असतात.

तिचं ब्लडप्रेशर घेतलं, ते १७० वर १०० भरलं. सोबतचे डॉक्टर महिन्याच्या गोळ्या देतात. ही गोळी बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते. महिना संपेल तेव्हा शिबिर आवरून माणसं आपापल्या वर्गात परतलेली असतील. पुढची गोळी कोण देणार? प्रेशर पुन्हा कोण मोजणार? सरकारी आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेला अशा म्हातारीबद्दल कितीदा तरी कुणी कळवलेलंच नसतं. जंताच्या औषधाचंही तेच. आपल्या अंगणवाडीत आणि शाळेत १० फेब्रुवारीला देतात तीच अल्बेंडाझोलची गोळी. ती चांगली आहे, स्वस्त आहे, जंत मारते. पण पाणी आणि संडास होते तसेच राहिले, तर काही महिन्यांत जंत पुन्हा होतात. ग्वाटेमालात पाच वर्षांखालची जवळजवळ निम्मी मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत. त्यामागे गरिबी आहे, जमिनीची वाटणी आहे, मक्याच्या भाकरीवर भागवावं लागणं आहे. आठवड्याच्या शिबिरानं ते कसं हटणार?

याहून गंभीर गोष्ट आहे. अशा दौऱ्यांत कधी कधी विद्यार्थ्याच्या हाती टाके घालायची सुई दिली जाते, दात उपटायला दिला जातो, बाळंतपणात हात घालू दिला जातो. स्वतःच्या गावी त्यानं असं केलं असतं तर गुन्हा ठरला असता. इथे चालतं, कारण रांगेतली बाई गरीब आहे आणि समोरच्या गोऱ्या किंवा सावळ्या पोराला ती डॉक्टरच समजते. मला याचा राग येतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं २०११ साली यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्याचं शिक्षण झालेलं नाही ते काम परदेशातही करू नका आणि असले अनुभव प्रवेशाच्या अर्जाला बाधकही ठरू शकतात, असा त्यांचा रोख आहे.

इव्हान इलिच या विचारवंतानं तर १९६८ मध्येच मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असं त्याचं म्हणणं. मदत नकोच, हे मला पटत नाही. शिकायला या, हे मात्र पूर्ण पटतं, आणि त्याचं उदाहरण आपल्याच नगर जिल्ह्यात आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे आजवर देशोदेशींचे विद्यार्थी आले आहेत. त्यांच्यासाठी जामखेड हाच परदेश. पण तिथे त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्य कार्यकर्त्या असतात. सुरुवातीच्या काळात या कामात आलेल्या कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती, कितीतरी दलित घरांतल्या होत्या. कुठल्या घरी बाई गरोदर आहे, कुणाचं मूल वाढत नाही, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, हे त्यांना तोंडपाठ. विद्यार्थी परत गेला तरी ती बाई गावातच असते. काम तिचं आहे, पाहुणा तिच्या हाताखाली वावरतो.

ग्वाटेमालातही अशा माणसांची उणीव नाही. तिथल्या सुईणी आहेत, परिचारिका आहेत, गावोगावचे आरोग्यसेवक आहेत. विद्यार्थ्यानं आधी सहा महिने स्पॅनिश शिकावं, तिथे जाऊन मुलांची वजनं घ्यावीत, नोंदवह्या नीट लिहून काढाव्यात, ओझी उचलावीत, सुईणीबरोबर घरोघर हिंडावं. जमवलेल्या पैशांतला मोठा वाटा तिथल्या एखाद्या परिचारिकेच्या वर्षभराच्या पगाराला गेला, तर त्या म्हातारीची गोळी चुकणार नाही.

ऐकणाऱ्यांत कुणाची मुलगी, नात किंवा भाचा अशा दौऱ्याला निघाला असेल, तर पैसे भरण्याआधी त्या संस्थेला विचारा: आमची मुलं नेमकं काय करणार, त्यांच्याजवळ उभं कोण राहणार, आणि तुम्ही निघून आल्यावर रुग्णांचे कागद कुणाच्या हाती देता? हा शेवटचा प्रश्न ऐकताच जी संस्था तिथल्या परिचारिकेचं नाव सांगेल, तिच्याबरोबर मुलीला जरूर पाठवा.