खरं घड्याळ, खोटं घड्याळ
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेलं भाषण)



आम्ही दोघं भाऊ हुबळीत घड्याळदुरुस्ती करतो. आमच्या आधी वडील करायचे. भाषणाची सवय नाही, तेव्हा टेबलावर रोज जे दिसतं तेच सांगतो.

पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, "घड्याळ मागं का पडतं?" आता महागडं घड्याळ पुढे ठेवून हळूच विचारतात, "हे खरं आहे ना?" कानडीत खोट्टी, मराठीत खोटं. शब्द दोन्ही घरांत जवळजवळ एकच, आणि फसगतही.

लोकांनी ऐकलेली पहिली खूण म्हणजे सेकंदकाटा. टकटक करत गेला तर नकली, सरकत गेला तर अस्सल. ही खूण आता चालत नाही. आजच्या बहुतेक रोलेक्सचं मशीन तासाला 28,800 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ, म्हणून काटा सरकल्यासारखा दिसतो. पण नकली घड्याळातही आता ऑटोमॅटिक मशीन असतं, त्याचाही काटा सरकतो. उलट ओमेगा, कार्तिए यांची सेलवर चालणारी अस्सल घड्याळं आहेत, त्यांचा काटा टकटकच करतो. काचेवर पाण्याचा थेंब टाकून बघणं, हातात वजन करून बघणं, हेही तसंच. नीलमणी काच आणि जड स्टील नकली घड्याळालाही मिळतं.

मग आम्ही काय बघतो? आधी भिंगातून तबकडी. अक्षरांच्या कडा स्वच्छ हव्यात, खुणा सरळ रेषेत हव्यात. रोलेक्सच्या तारखेवरचं भिंग आकडा अडीच पट मोठा दाखवतं. नकलीत तो बऱ्याचदा लहानच राहतो. मग केसवरचा नंबर कार्डाशी जुळतो का ते बघतो. कार्डही खोटं छापता येतं, म्हणून शेवटी मागचं झाकण उघडून मशीन. चेहऱ्याची नक्कल स्वस्तात होते, मशीनची होत नाही. मात्र झाकण घरी उघडू नका, पाणी अडवणारं रबर खराब होतं. आणि लाखांचा व्यवहार असेल तर आमच्याही शब्दावर जाऊ नका; पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा.

सोन्याच्या घड्याळाबद्दल एक. दागिन्यावर आपण सहा अक्षरांचा एचयूआयडी बघतो. घड्याळांना ती सक्ती नाही, त्यामुळे तो नाही म्हणून घड्याळ खोटं ठरत नाही. स्विस सोन्याच्या केसवर आतून 750 हा आकडा असतो, आणि 1995 पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा छोटा शिक्का.

या झाल्या खुणा. पण खुणांपेक्षा जास्त नुकसान झाकाझाकीनं होतं, ते दोन अनुभवांवरून सांगतो.

एक जावई लग्नात मिळालेलं घड्याळ घेऊन आले. पट्ट्याच्या दोन कड्या कमी करायच्या होत्या. घड्याळ नकली होतं. आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "मामांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल." आम्ही गप्प राहिलो. काही महिन्यांनी सासरेच दुकानात आले. ओळखीच्या ज्या माणसाकडून ते घड्याळ घेतलं होतं, त्याच्याचकडे धाकट्या जावयासाठी दुसरं ठरवून, आगाऊ रक्कम देऊन आले होते. "जरा बघून द्या," म्हणाले. तेव्हा सांगावंच लागलं. ते बराच वेळ बाकावर बसून राहिले. मग एवढंच म्हणाले, "पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पण फसलेल्या घरानंच लाजेनं तोंड मिटलं, तर विकणारा पुढच्या घरी जातो.

दुसरा अनुभव आमच्याच चुकीचा. एचएमटी म्हणजे आपल्या राज्याचं घड्याळ. 1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं कारखाना सुरू झाला; 2016 मध्ये सरकारनं घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. तेव्हापासून जुन्या एचएमटीची मागणी वाढली, आणि जुन्या मशीनवर रंगवलेली तबकडी बसवून 'नवंकोरं' म्हणून विकणंही. कंपनीनं कधी न काढलेले भडक रंग, पसरट अक्षरं, किंवा म्हाताऱ्या केसमध्ये चकचकीत तबकडी दिसली, तर सावध व्हा.

एका बाईंनी वडिलांचं एचएमटी 'जनता' आणलं. तबकडी पिवळी पडलेली. आम्ही न विचारता रंगवलेली तबकडी बसवली, जुनी फेकून दिली. न्यायला आल्या तेव्हा त्यांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. "हे बाबांचं नाही," म्हणाल्या. आम्ही सांगितलं, मशीन तेच आहे. त्या म्हणाल्या, "तीनच्या आकड्याजवळ डाग होता. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून मी तो पुसायला बघायचे." आम्ही पैसे घेतले नाहीत, पण डाग परत देता आला नाही. खऱ्या घड्याळाला आम्हीच खोटा चेहरा लावला होता. त्या दिवसापासून काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत देतो.

तेव्हा दोन विनंत्या. फसला असाल तर घरात सांगा. आणि आजोबांचं घड्याळ कपाटात असेल तर ते नवं करू नका. तेलपाणी करून घ्या, आणि कुणी, कधी, कुठून घेतलं हे कागदावर लिहून डबीत ठेवा. उद्या नातू विचारेल तेव्हा त्याला उत्तर मिळेल.

गणपती बाप्पा मोरया!