कीडाजडी, रेशी आणि माझी साखर

मी डॉक्टर नाही. फौजेत तीस वर्षं काढलेला आणि बारा वर्षांपासून मधुमेह असलेला माणूस, एवढीच माझी पात्रता.

पिथोरागडला पोस्टिंग असताना कीडाजडी पहिल्यांदा पाहिली. साडेतीन हजार मीटरच्या वर, जमिनीतल्या एका पतंगाच्या अळीला बुरशी लागते. अळी मरते, आणि बर्फ वितळला की तिच्या डोक्यातून तपकिरी काडी वर येते. धारचुला-मुन्स्यारीकडची माणसं मे-जूनमध्ये गवतात पोटावर सरपटत ती शोधतात. उसाच्या फडात हरवलेली सुई शोधावी तसं!

निवृत्तीनंतर माझ्या जुन्या सुभेदारसाहेबांनी प्रेमाने एक पुडी पाठवली. त्याच सुमारास एकाने रेशी अळंबीच्या कॅप्सूल गळ्यात मारल्या. "साहेब, गोळ्या सुटतील." मला तेच ऐकायचं होतं. मेटफॉर्मिन मी स्वतःच्या अधिकारात बंद केलं, घरात सांगितलंही नाही. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.२ वरून ९.६. बायको दोन दिवस बोलली नाही.

मग वाचायला बसलो. अळंबीत काहीच नाही, असं नाही. तिच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो, रेशीत ट्रायटर्पीन असतात. पिष्टाची साखर करणाऱ्या आतड्यातल्या एन्झाइमला काही अर्क परीक्षानळीत अडवतात. मधुमेही उंदरांची साखरही उतरलेली दिसते. पण उंदीर म्हणजे मी नव्हे. २०१५ साली कॉक्रेनने रेशीच्या पाच चाचण्या तपासल्या, मिळून ३९८ माणसं. टाइप-२ मधुमेहात ती वापरावी याला आधार मिळाला नाही. २०१६ साली ऑस्ट्रेलियातली चाचणी प्रसिद्ध झाली: ८४ जण, १६ आठवडे, रोज तीन ग्रॅम. एका गटाला रेशी, एकाला रेशी आणि कीडाजडी, एकाला नुसतीच दिसायला तशी कॅप्सूल. एचबीएवनसीत फरक नाही. म्हणजे माझाच प्रयोग, फक्त नीट केलेला.

बुरशीतून औषध निघतच नाही का? निघतं. कोलेस्टेरॉलवरचं पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीतच सापडलं. पण रेणू वेगळा काढून, मात्रा ठरवून, माणसांवर तपासून स्टॅटिन गोळीत यायला वर्षं गेली. पुडीत यातलं काही नसतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रेशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

धिंगरीची भाजी मात्र मी आठवड्यातून दोनदा खातो. भातापेक्षा साखर कमी चढते, चवही छान. मेटफॉर्मिन परत चालू आहे. गेल्या वेळी ७.१.

सुभेदारसाहेबांना फोन करून हे आकडे सांगितले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, मीही इन्सुलिन सोडलंय, दीड महिना झाला." त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाला गाडी काढायला लावली.