त्यागातील विवेक



दिवाळीपूर्वी घरोघरचे माळे रिकामे होतात. परिग्रह घटल्याचे समाधानही लाभते. परंतु उंबऱ्याबाहेर टाकलेली वस्तू पुढे कोठे जाते, याचा विचार क्वचितच होतो. मुनींच्या पाच समितींमध्ये उत्सर्ग समिती सांगितली आहे. त्याज्य वस्तूही जीवजंतुरहित जागा पाहूनच विसर्जित करावी, असा तिचा आशय. श्रावकांनीही हा विवेक अंगीकारावा.

पूर्वी जुन्या सुती लुगड्यांची गोधडी होई, उरलेले कपडे बोहारणीकडे जात व घरात भांडे येई. आजचे पॉलिस्टर मातीत वर्षानुवर्षे कुजत नाही. जाळल्यास विषारी धूर होतो. म्हणून वापरण्याजोगे कपडे धुऊन, घडी घालून द्यावेत. फाटके वस्त्र गरजूच्या हाती ठेवणे हे दान नव्हे. रद्दी व धातू भंगारवाल्यास द्यावेत. जुने टीव्ही, बॅटऱ्या, ट्यूबलाइट मात्र अधिकृत संकलन केंद्राकडेच सोपवावेत. त्यांतील शिसे व पारा मातीपाण्यात उतरून जीवांचा घात करतात. फुटकी काच कागदात गुंडाळून, वर खूण करून द्यावी. कचरा वेचणारे हातही माणसाचेच असतात.

आणि नवी खरेदी करताना, दुकानदारास रुचो वा न रुचो, प्रत्येकाने स्वतःस विचारावे : हिचा उत्सर्ग कोठे होणार?

जय जिनेंद्र!