प्रवाळाची टाकी आणि घरांतील हवा

दिवाणखान्यांत काचेच्या टाकींत खारें पाणी भरून प्रवाळ वाढविणारे हौशी लोक एका आंकड्याकडे डोळे लावून बसलेले असतात. तो आंकडा म्हणजे पाण्याचा पीएच. सोरेन्सेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानें १९०९ सालीं ही मोजपट्टी प्रचारांत आणिली. ७ हा मध्य. त्याखालीं आम्लता, वर क्षारधर्म. समुद्राचा आंकडा ८.१ च्या आसपास असतो. टाकींत तो ७.८ ते ८.५ यांच्या दरम्यान राहिला, तर प्रवाळास मानवतो. फार उतरला, कीं चुनखडीचा सांगाडा बांधणें त्यास जड जातें. (भारतीय समुद्रांतील दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहेत, ते किनाऱ्यावरून उचलून आणणें हा गुन्हा होय.)

प्रवाळाच्या पेशींत राहणारीं सूक्ष्म शैवालें उजेडांत कर्बवायु शोषून घेतात. दिवे मालवले, कीं शोषण थांबतें; टाकींतील जीवांचें श्वसन मात्र चालूच राहतें. वायु पाण्यांत मुरून त्याचें सौम्य आम्ल बनतें. म्हणून पहांटे ८.० आणि सायंकाळीं ८.३ असा फरक दिसला, तर कांहींच बिघडलें नाहीं.

परंतु आंकडा ७.८ खालीं उतरतांच पुष्कळ जण बाजारी पूड पाण्यांत ओततात. ही घाई टाकीस भोंवते. पुष्कळदां दोष पाण्याचा नसून खोलीचा असतो. वातानुकूलनासाठीं दारें-खिडक्या बंद, आंत चार-पांच माणसें, शेजारीं गॅसची शेगडी. अशा ठिकाणीं कर्बवायु बाहेरच्या दुप्पट सहज होतो व पाण्यांत उतरतो. पूड घालून तो जात नाहीं. क्षारता तेवढी भलती चढते आणि विरघळलेला चुना पांढरा साका होऊन तळाशीं बसतो.

याची परीक्षा सोपी आहे. टाकींतील पाणी दोन पेल्यांत घ्यावें. एकांत खोलीची व दुसऱ्यांत गच्चीवरची हवा लहान पंपानें तासभर सोडावी. गच्चीवरचा आंकडा चढला आणि खोलींतला चढला नाहीं, तर गुन्हेगार खोलीची हवा. दोन्हीहि चढले, तर टाकींतील पाणीच पुरेसें खळबळत नाहीं. एकहि चढला नाहीं, तर क्षारता मोजावी. ती ७ ते ११ जर्मन अंश असावी.

हवेचा दोष ठरल्यास खिडकी उघडावी, किंवा फेस काढणाऱ्या यंत्राची हवानळी बाहेर सोडावी. तेंहि शक्य नसेल, तर शुद्ध चुन्याची निवळी. तिचा स्वतःचा पीएच १२ च्या वर असतो. म्हणून वाफेनें उडालेल्या पाण्याच्या जागीं, तीहि रात्रीं, थेंबाथेंबानेंच घालावी.