शेजाऱ्याची निंदा आणि आपले उत्तर
(मोहोपाडा येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



१९६० नंतर रसायनीच्या परिसरात कारखाने उभे राहिले आणि मोहोपाड्यात नाना गावांची, नाना जातिधर्मांची माणसे एकाच जिन्याने ये-जा करू लागली. गावात आपली वस्ती वेगळी होती. अपमान वेशीपलीकडून येत असे. इमारतीत तो भिंतीपलीकडून येतो. तुम्ही दीक्षा घेतली, देव्हारा उतरविला, तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा लावली, की जिन्यात कुजबूज सुरू होते. ‘सवलतींसाठी धर्म सोडला,’ असे कोणी म्हणतो. कोणी मुलावर चोरीचा आळ घेतो. कोणी कामावरून रात्री परतणाऱ्या मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवितो. अशा वेळी बाप शरमेने मान खाली घालतो, नाहीतर हात उगारतो. हे दोन्ही मार्ग आपले नव्हेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

निंदा खुद्द तथागतांनाही चुकली नाही. चिंचेने भर सभेत त्यांच्यावर व्यभिचाराचा आरोप केला. सुंदरीच्या खुनाचा आळ संघावर आला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या दोन्ही कथा दिल्या आहेत. संघ नगर सोडून पळाला नाही आणि शिवीला शिवीही दिली नाही. परंतु आळ कबूलही केला नाही. असत्य उघडे पडेपर्यंत तो आपल्या जागी स्थिर राहिला.

दूर कशाला जावे? याच जिल्ह्यात, ज्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर गावात खोटी आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार! तेवढ्यावर जमाव चालून आला व परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण झाली. आपल्या लोकांच्याही मुठी आवळल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि प्रकरण कायद्याच्या हाती दिले. हल्लेखोरांपैकी काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्यावरील आपला हक्कही १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला. अफवेला एक दुपार पुरली, उत्तराला दहा वर्षे लागली; परंतु टिकले ते उत्तरच.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ध्यानात घ्या. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो. त्यास दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही अथवा समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. खोटा आरोप तिसऱ्या माणसाच्या कानी गेला पाहिजे. केवळ तुमच्या तोंडावर बोललेला शब्द बदनामी ठरत नाही. लोकहितासाठी सांगितलेले सत्य, किंवा अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार, हीही बदनामी नव्हे. हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात केवळ नोंद होते. फिर्याद दंडाधिकाऱ्यांपुढे स्वतः करावी लागते, आणि तीही तीन वर्षांच्या आत. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करावयाचा, तर मुदत एकच वर्षाची आहे.

परंतु जिन्यात किंवा फाटकाशी, लोकांच्या देखत, जातीचे नाव घेऊन शिवी दिली गेली, तर प्रश्न निराळा. तेथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, व पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. बंद दाराआड, कोणी त्रयस्थ नसताना उच्चारलेल्या शब्दास तो लागू पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जाते, असे कोणी म्हणेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. १९९० पासून बौद्ध धर्मीयांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला मात्र हाताशी असू द्या.

यास्तव निंदा कानी येताच प्रथम एक वही करा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि ऐकणारांची नावे तीत लिहा. मोबाइलवर मजकूर आला असेल तर तो पुसू नका. दोन वडीलधारी माणसे बरोबर घेऊन शेजाऱ्यास शांतपणे विचारा. पुष्कळ ठिकाणी प्रकरण येथेच मिटते. न मिटल्यास गृहनिर्माण संस्थेच्या समितीस लेखी अर्ज द्या व पोच घ्या. त्यानेही भागले नाही, तर वकिलाकरवी नोटीस आणि शेवटी न्यायालय.

आणि घरात मुलीला दोष देऊ नका. तिचे बाहेर जाणे, शिकणे, कामावर जाणे बंद केले, तर निंदकाला जे हवे होते ते आपणच आपल्या हातांनी त्याला दिले असे होईल.

शेवटी आपल्याच जिभेविषयी. चौथ्या शीलाने आपण असत्य वर्ज्य केले आहे. सम्यक् वाणीत चहाडीही वर्ज्य आहे. शेजाऱ्याने आपल्या घराविषयी खोटे सांगितले, म्हणून आपण त्याच्या घराविषयी सांगू लागलो, तर शील मोडते, आणि तेच कलम ३५६ आपल्यावर उलटते. त्याची जीभ आपल्या ताब्यात नाही, आपली आहे. ज्याची वही खरी, साक्षीदार खरे आणि वाणी संयत, त्याने कोणापुढेही मान खाली घालण्याचे कारण नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!